जुनं कन्सोल-मॉड्यूल रॅकमध्ये बसवताना: वीज, झीरो आणि आउटपुटचं वायरिंग

नीव्ह १०७३ म्हणजे जुन्या रेकॉर्डिंग कन्सोलमधल्या (आवाज मिसळायच्या मोठ्या टेबलातल्या) एका चॅनेलचं मॉड्यूल: माइकचा सिग्नल वाढवणारा प्रीअँप आणि इक्वलायझर. ते पहिल्यांदा हातात घेतलं की आधी त्याचं वजन जाणवतं. निळसर करडी पट्टी, वर लाल गेन-नॉब (सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारा), रुंदी ४५ मिलिमीटर, उंची साधारण २२२. मग ते उलटं करून मागची बाजू पाहावी. तिथे ना वीज घ्यायची जागा, ना माइकचं सॉकेट, ना आउटपुटचं. अनेक पिनांचा एक कनेक्टर, बस्स. पुढच्या पट्टीवर आउटपुट कमी-जास्त करायचा नॉबही नाही.

हे मॉड्यूल एकटं राहण्यासाठी बनलंच नव्हतं. रुपर्ट नीव्ह यांच्या कंपनीने ते १९७० मध्ये लंडनच्या वेसेक्स स्टुडिओसाठी बांधलेल्या ए८८ या कन्सोलकरिता तयार केलं. त्या कन्सोलमध्ये वीज एका वेगळ्या पुरवठ्यातून यायची, झीरो (पुरवठ्याच्या परतीच्या, शून्य व्होल्टच्या तारा) जाड तांब्याच्या पट्टीवर एकत्र व्हायचे, आउटपुटला योग्य भार (समोरच्या सर्किटचा रोध) मिळायचा आणि पातळी फेडरवर, म्हणजे सरकत्या नॉबवर, ठरायची. पुढे कन्सोल मोडले, चॅनेल सुटे विकले गेले, लोकांनी ते रॅकमध्ये बसवायला सुरुवात केली. रॅकिंगचं सगळं काम एका प्रश्नात मावतं: कन्सोल या मॉड्यूलसाठी जे जे करत होता, ते आता कोण करणार? खाली प्रत्येक टप्प्यावर मी हाच प्रश्न धरून पुढे जाणार आहे. उदाहरण १०७३ चं घेतो, कारण त्यावरच मी सर्वांत जास्त काम केलं आहे. बहुतेक गोष्टी इतर जुन्या मॉड्यूलनाही लागू पडतात. फरक असेल तिथे सांगेन.

एक विनंती आधीच करतो. पूर्ण, चालू स्थितीतला कन्सोल रॅकिंगसाठी फोडू नका. आधीच सुटी झालेली मॉड्यूल बाजारात मिळतात, ती घ्या.

वीज जोडायच्या आधी

पहिल्या दिवशी प्लग लावायचा नाही. मल्टिमीटर, टॉर्च आणि वही एवढंच घेऊन बसायचं.

सर्वांत आधी मॉड्यूलला किती व्होल्ट लागतात ते नक्की करा. नीव्हच्या ८० मालिकेतली मॉड्यूल २४ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर चालतात. जर्मनीच्या सीमेन्स आणि टेलिफुंकेनच्या अनेक ट्रान्झिस्टर मॉड्यूलनाही २४ व्होल्टच लागतात. पण एपीआय कंपनीची मॉड्यूल अधिक-उणे १६ व्होल्टवर चालतात आणि एसएसएल ४००० या कन्सोलची अधिक-उणे १८ वर. त्यांना तीन तारा लागतात: धन, ऋण आणि मधला झीरो. “जुनं मॉड्यूल म्हणजे २४ व्होल्ट” असं गृहीत धरून कुणाचं तरी एपीआय जळाल्याचं आपण कधीतरी ऐकलेलं असतं. ते आपल्या हातून होऊ नये.

दुसरी गोष्ट पिनांची. उत्पादकाचं मूळ सर्किट-चित्र आणि पिनांचा तक्ता मिळवा. तो मिळाल्यावरही त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, कारण कनेक्टर कुठल्या बाजूने पाहिला आहे यावर सगळं अवलंबून असतं. मॉड्यूलच्या बाजूने पाहिलं तर पिना डावीकडून उजवीकडे येतात, सोल्डरच्या बाजूने पाहिलं तर नेमक्या उलट्या. मला एकदा परदेशातून आलेल्या जोडीबरोबर विक्रेत्याने हाताने काढलेला तक्ता मिळाला. सुबक, रंगीत. पण तो सोल्डरच्या बाजूचा होता आणि तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी मीटर लावून तपासलं म्हणून वाचलो. नाहीतर २४ व्होल्ट थेट माइकच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये गेले असते.

तपासायची पद्धत अशी. आतलं कार्ड पाहा. पुरवठ्याच्या तारेवर एक मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतोच. त्याची उणे खूण असलेली बाजू ज्या पिनेशी बझर वाजवते ती झीरो, दुसरी बाजू ज्या पिनेपर्यंत जाते ती २४ व्होल्टची. मध्ये एखादा रेझिस्टर असेल तर बझर वाजणार नाही, काही ओहम दिसतील. तेही लिहून ठेवा. आउटपुटच्या दोन पिनांमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं वेटोळं असतं, म्हणून तिथे कमी ओहम दिसतात, आणि त्यातली कुठलीही पिन झीरोशी जोडलेली नसते. माइकच्या दोन पिनांचंही तसंच. मात्र माइक-ट्रान्सफॉर्मरवर मीटर लावायची गरज पडलीच तर क्षणभर लावून काढा, कारण मीटरमधून जाणारा थेट प्रवाह त्याच्या गाभ्यात थोडं चुंबकत्व मागे ठेवू शकतो.

मॉड्यूलची चॅसी (धातूचा सांगाडा) आणि झीरो आतून जोडलेले आहेत का, हेही तपासा आणि वहीत लिहा. हे उत्तर पुढे गुणगुण शोधताना लागणार आहे.

१०७३ च्या आउटपुट कार्डवर २एन३०५५ हा धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर असतो. त्याची टोपी म्हणजेच त्याचा कलेक्टर. ती चालू स्थितीत झीरोवर नसते. त्याच्या आणि धातूच्या मध्ये अभ्रकाची पातळ चकती असेल तर ती जागच्या जागी आहे का बघा. मॉड्यूल खोलून पुन्हा बंद करताना ही चकती सरकली की शॉर्ट होतो.

पुरवठा: किती आणि कसला

१०७३ क्लास-ए आहे. म्हणजे सिग्नल असो वा नसो, आउटपुटचा ट्रान्झिस्टर सतत प्रवाह ओढत राहतो. एक मॉड्यूल साधारण १०० ते १५० मिलिअँपिअर घेतं. हिशोब १५० ने करा: दोन मॉड्यूलना ३००, आठ मॉड्यूलना १.२ अँपिअर. उष्णतेचा अंदाजही इथेच येतो. २४ गुणिले ०.१५, म्हणजे दर मॉड्यूलमागे ३.६ वॅट. आठ मॉड्यूलच्या रॅकमध्ये जवळपास २९ वॅट. म्हणून रॅकच्या वर-खाली हवेला जागा सोडा.

नवशिक्यांनी पहिल्या रॅकसाठी लिनिअर पुरवठाच (ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटरचा साधा पुरवठा) वापरावा असं माझं ठाम मत आहे. स्विचिंग पुरवठा चांगल्या गाळणीने शांत करता येतो, पण काहीतरी किणकिणत असेल तर ते पुरवठ्यातून येतंय की वायरिंगमधून, हे ओळखण्याचा अनुभव अजून आलेला नसतो. तयार २४ व्होल्टचा लिनिअर पुरवठा मिळाला तर उत्तमच. स्वतः बांधायचा असेल तर दोन मॉड्यूलसाठी ही रचना पुरते: २४ व्होल्ट एसी, ३० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, ४७०० मायक्रोफॅरडचा ५० किंवा ६३ व्होल्टचा कपॅसिटर आणि एलएम३१७ रेग्युलेटर.

आकडे एकदा तपासून घेऊ. २४ व्होल्ट एसीचं शिखर जवळपास ३४ व्होल्ट, दोन डायोडचे १.४ वजा करून ३२.५ उरतात. ३०० मिलिअँपिअरवर कपॅसिटरवरची लहर (व्होल्टेजची चढ-उतार) ०.६४ व्होल्ट. रेग्युलेटरला वर किमान ३ व्होल्ट मोकळे हवेत; इथे ७-८ मिळतात. घरचा २३० चा पुरवठा दहा टक्के खाली येऊन २०७ झाला, तरी आत २९ च्या आसपास राहतात आणि २४ टिकतात. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या गावात काम करणाऱ्यांनी हा हिशोब सोडू नये. लहरीचा तळ रेग्युलेटरच्या मर्यादेखाली गेला की शंभर हर्ट्झची गुणगुण थेट आवाजात येते, आणि माणूस दिवसभर अर्थिंग शोधत बसतो.

एलएम३१७ साठी वरचा रेझिस्टर २२० ओहम, खालचा ३.३ किलोओहम आणि त्याच्याशी सिरीजमध्ये १ किलोओहमचा ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर) ठेवलात, तर आउटपुट साधारण २० ते २६ व्होल्टमध्ये फिरवता येतं. मॉड्यूल जोडायच्या आधी मीटरवर २४.० आणा आणि ट्रिमरवर नेलपॉलिशचा थेंब टाका. रेग्युलेटरवर अडीच वॅट जळतात, हीटसिंक लागणारच. एलएम३१७ ची पाठीची पट्टी आउटपुटशी जोडलेली असते, त्यामुळे चॅसीवर बसवताना अभ्रक किंवा सिलिकॉनची चकती विसरू नका. आठ मॉड्यूल असतील तर एलएम३१७ ची १.५ अँपिअरची मर्यादा फार जवळ येते. तिथे ५ अँपिअरचा एलएम३३८, मोठा ट्रान्सफॉर्मर आणि दुप्पट-तिप्पट कपॅसिटर घ्या.

फँटमचे, म्हणजे माइकला त्याच्याच केबलमधून द्यायचे, ४८ व्होल्ट वेगळे. त्यासाठी साधा एलएम३१७ चालत नाही. इनपुट आणि आउटपुटमधला ४० व्होल्टपेक्षा जास्त फरक तो सोसत नाही, आणि सुरू होताना पुढचा कपॅसिटर रिकामा असल्याने क्षणभर पूर्ण इनपुट त्याच्यावर येतं. १२५ व्होल्टचा फरक सोसणारा टीएल७८३ याच कामासाठी योग्य आहे. त्याला ५० व्होल्ट एसीचं वेगळं वेटोळं द्या. ४८ चा झीरो आणि २४ चा झीरो एकच असतो.

मेन्स वेगळ्या डब्यात

पुरवठा रॅकच्या आत बसवू नका. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो, त्याला हे मॉड्यूल ८० डीबीपर्यंत, म्हणजे १०,००० पट वाढवतं. इनपुट ट्रान्सफॉर्मरपासून वीतभर अंतरावर ५० हर्ट्झचा पॉवर ट्रान्सफॉर्मर ठेवलात तर त्याचं चुंबकीय क्षेत्रही १०,००० पट वाढून ऐकू येईल. कितीही चांगली केबल वापरा, ते क्षेत्र थांबणार नाही. पुरवठा वेगळ्या धातूच्या डब्यात, रॅकपासून मीटरभर लांब.

याने सुरक्षिततेचाही प्रश्न सुटतो: २३० व्होल्ट त्या एका डब्यातच राहतात, बाहेर फक्त २४ आणि ४८ येतात. डब्यात फ्यूज असलेलं तीन पिनांचं सॉकेट लावा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा दुहेरी खांबांचा स्विच घाला, आणि हिरवी-पिवळी अर्थची तार सॉकेटपासून थेट डब्याच्या धातूवर स्वतंत्र बोल्टने बांधा. रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून. त्या बोल्टवर दुसरं काहीही लावायचं नाही. फ्यूज ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेल्या मूल्याचा आणि हळू उडणारा घ्या. मेन्सच्या प्रत्येक सांध्यावर श्रिंक ट्यूब. हे काम पूर्वी कधी केलं नसेल तर हा डबा जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या; त्यात काहीही कमीपणा नाही.

भिंतीतलं अर्थिंग गृहीत धरू नका. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण वरच्या जाड पिनेला मागे तारच नसते, हे मी स्वतः पाहिलं आहे. फेज ते अर्थ मोजा, २३० च्या आसपास यायला हवेत. न्यूट्रल ते अर्थ फक्त एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थमध्ये ९०-१०० असं तरंगतं काही आलं तर तिथे अर्थ नाही. आधी ते दुरुस्त करून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवा, मग पुढे. आणि गुणगुण घालवण्यासाठी अर्थची पिन कधीच काढायची नाही. कधीच नाही.

पुरवठ्यापासून रॅकपर्यंत डीसी नेण्यासाठी चार किंवा पाच पिनांचा एक्सएलआर (माइकच्या केबलला असतो तसा गोल कनेक्टर) घ्या. तीन पिनांचा घेतलात तर एखाद्या दिवशी घाईत कुणीतरी त्यात माइक लावेल. २४, ४८, झीरो आणि चॅसी, अशा चार वेगळ्या तारा. ०.७५ चौरस मिलिमीटरची लवचिक तार दोन मीटरसाठी पुरते.

झीरोचं गणित

इथे थोडं सावकाश जाऊ या, कारण बहुतेक रॅक इथेच बिघडतात.

माझ्या पहिल्या चार चॅनेलच्या रॅकमध्ये मी झीरोची तार एका कनेक्टरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी माळेसारखी नेली होती. दिसायला नीटनेटकं. एक मॉड्यूल चालू असताना शांतता. चौथं लावलं आणि पहिल्या चॅनेलचं गाणं चौथ्यात बारीक ऐकू यायला लागलं, कडवट, फक्त वरच्या पट्टीतलं. दोन आठवडे मी कपॅसिटर बदलत राहिलो.

कारण साधं होतं. आउटपुटचा ट्रान्झिस्टर सिग्नलच्या तालावर प्रवाह कमी-जास्त करतो आणि तो सगळा प्रवाह झीरोच्या तारेतून परत जातो. तारेला थोडासा का होईना, रोध असतो. प्रवाह गुणिले रोध, एवढं व्होल्टेज त्या तारेवर तयार होतं. माळेत जोडलेल्या मॉड्यूलांना ती तार सामाईक असते, म्हणून एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या झीरोवर चढतो आणि दुसऱ्याला तो आपला इनपुट वाटतो.

उपाय: प्रत्येक मॉड्यूलच्या झीरोपासून एक स्वतंत्र तार एकाच जागी यायला हवी. तांब्याची छोटी जाड पट्टी घ्या, तिला छिद्रं पाडा, पुरवठ्याचा झीरो तिच्या मध्यभागी आणि मॉड्यूलच्या तारा आजूबाजूला. कन्सोलमधली तांब्याची पट्टी हेच करत होती. २४ व्होल्टच्या ताराही प्रत्येक मॉड्यूलसाठी वेगळ्या आणा. प्रत्येकीत ५०० मिलिअँपिअरचा छोटा फ्यूज घाला, म्हणजे एका मॉड्यूलमध्ये शॉर्ट झाला तर बाकीचे चालू राहतील. फ्यूजच्या पुढे, मॉड्यूलच्या पिनांवर, एक १एन५४०२ डायोड उलटा लावा: कॅथोड २४ वर, अॅनोड झीरोवर. चुकून ध्रुवता उलटी झाली तर डायोड वाहील, फ्यूज उडेल, पण आतले टँटलम कपॅसिटर फुटणार नाहीत. दहा-पंधरा रुपयांचा हा भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळतो.

आता चॅसी. झीरोची पट्टी आणि रॅकचा धातू एकाच ठिकाणी जोडायचे, एकाच. ही जागा पट्टीच्या शेजारी असावी. आणि इथे वहीतली नोंद काढा: मॉड्यूलची चॅसी आतून झीरोशी जोडलेली असेल, तर मॉड्यूल स्क्रूने रॅकला कसलं की दुसरा जोड आपोआप तयार होतो. अशा वेळी मॉड्यूलच्या आतला तो जोड काढा, किंवा स्क्रूखाली प्लास्टिकच्या वॉशरी घालून मॉड्यूल रॅकपासून अलग ठेवा. मी पहिला मार्ग घेतो आणि काढलेल्या जोडाची नोंद मॉड्यूलवर चिकटवतो.

पहिल्यांदा वीज देताना

मॉड्यूल पन्नास वर्षांचं आहे. त्याचे इलेक्ट्रोलिटिक सुकलेले असू शकतात, टँटलम शॉर्ट झालेला असू शकतो. प्रवाहाची मर्यादा लावता येणारा बेंच-पुरवठा असेल तर मर्यादा २०० मिलिअँपिअरवर ठेवा आणि व्होल्टेज शून्यापासून सावकाश वाढवा: ५, १०, १५, २४. प्रत्येक पायरीवर प्रवाह पाहा. तो हळूहळू वाढत १५० च्या आत थांबला तर ठीक. ५ व्होल्टलाच मर्यादा गाठली तर काहीतरी शॉर्ट आहे, थांबा. नाक आणि बोटही वापरा: कुठला भाग मिनिटभरात हात न लावण्याइतका तापतोय?

बेंच-पुरवठा नसेल तर २४ च्या तारेत १०० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर घाला. १५० मिलिअँपिअरला त्यावर १५ व्होल्ट पडतील, म्हणजे मॉड्यूल पूर्ण जागं होणार नाही, पण शॉर्ट असेल तर तो रेझिस्टर तापून सांगेल आणि बाकी काही जळणार नाही. सगळं शांत दिसलं की रेझिस्टर काढा.

पहिल्या वीस मिनिटांत कार्डवरच्या ट्रिमरला हात लावू नका. क्लास-ए सर्किट गरम होऊन स्थिर व्हायला वेळ घेतं.

इनपुट थोडक्यात

१०७३ मध्ये माइक आणि लाइनचे (इतर यंत्रांकडून येणाऱ्या मोठ्या सिग्नलचे) इनपुट वेगळ्या पिनांवर येतात आणि गेन-नॉबच त्यांच्यातून निवड करतो, तेव्हा मागे दोन वेगळे एक्सएलआर लावा. माइकसाठी वेणी घातलेली, जाळीची केबल. इनपुटच्या तारा रॅकच्या एका कडेने, आउटपुटच्या दुसऱ्या कडेने. १०,००० पट गेन असताना आउटपुटचा किंचित अंशही इनपुटमध्ये शिरला तर मॉड्यूल शिट्टी मारू लागतं, कधीकधी ऐकू न येणाऱ्या कंपनांवर, आणि मग आवाज नुसता घुसमटलेला वाटतो.

फँटमसाठी ४८ व्होल्टपासून पिन २ आणि पिन ३ ला एकेक ६.८ किलोओहमचा रेझिस्टर. त्या दोन रेझिस्टरमध्ये ०.४ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एक टक्क्याचे दहा घेऊन मीटरवर जोडी लावा. जोडी जुळलेली असेल तर वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज मिळतं आणि ट्रान्सफॉर्मरमधून थेट प्रवाह जात नाही. मधे कपॅसिटरची गरज पडत नाही.

आउटपुट

मॉड्यूलच्या आत एलओ११६६ हा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आहे. त्याच्या प्रायमरीतून (सर्किटच्या बाजूच्या वेटोळ्यातून) क्लास-ए चा थेट प्रवाह सतत वाहतो, म्हणूनच त्याच्या गाभ्यात फट ठेवलेली असते. बाहेर येणारी सेकंडरी (दुसरं वेटोळं) पूर्ण मोकळी, कुठेही झीरोला न जोडलेली. तिला तशीच राहू द्या. एक टोक एक्सएलआरच्या पिन २ ला, दुसरं पिन ३ ला. पिन १ झीरोच्या पट्टीवर न्यायची नाही. ती जिथे एक्सएलआर बसतो तिथेच, आखूड तारेने, चॅसीला जोडायची. जाळीवर बाहेरून येणारा कचरा पिन १ मधून झीरोवर उतरला तर तो सिग्नलमध्ये शिरतो. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात हा दोष सविस्तर मांडला, आणि तरीही आजपर्यंत नवीन यंत्रांतसुद्धा तो आढळतो.

पिन २ धन असावी हे १९९२ च्या एईएस१४ मानकाने ठरलं. जुन्या मॉड्यूलमध्ये कुठलं टोक धन आहे ते तपासल्याशिवाय ठरवू नका. दोन मॉड्यूलना एकच सिग्नल द्या, दोन्ही रेकॉर्ड करा, लहरी एकमेकींशेजारी ठेवून बघा. एक वर, एक खाली जात असेल तर एका एक्सएलआरच्या २ आणि ३ अदलाबदल करा. एकाच विक्रेत्याकडून आलेल्या दोन मॉड्यूलमध्येही मला फरक सापडला आहे. कधीतरी कुणीतरी ट्रान्सफॉर्मर बदललेला होता.

आता भार. हा ट्रान्सफॉर्मर ६०० ओहमचा भार समोर धरून बनवलेला आहे. आजचे ऑडिओ-इंटरफेस (संगणकात आवाज घेणारी यंत्रं) १० किलोओहम किंवा त्याहून जास्त दाखवतात, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला समोर कुणीच नसल्यासारखं. मग वरच्या कंपनांत थोडा उठाव येतो, आवाज किंचित चकचकीत होतो. काहींना तो आवडतो. मला गाण्याच्या आवाजावर, विशेषतः स आणि श वर, तो टोचतो. पिन २ आणि ३ च्या मधे ६२० ओहमचा रेझिस्टर स्विचवर लावा आणि दोन्ही ऐकून ठरवा. रेझिस्टर १ वॅटचा घ्या: हे मॉड्यूल +२६ डीबीयूपर्यंत (डीबीयू हे सिग्नलच्या पातळीचं एकक), म्हणजे सुमारे १५.५ व्होल्ट देऊ शकतं, आणि तेवढ्याला ६२० ओहमवर ०.३९ वॅट जळतात.

याच १५.५ व्होल्टमधून पुढचा प्रश्न येतो. कन्सोलमध्ये मॉड्यूलच्या पुढे फेडर होता. रॅकमध्ये नाही. इंटरफेस बहुधा +१८ ते +२४ डीबीयूला भरून वाहतो. १०७३ चा गेन ५ डीबीच्या पायऱ्यांनी चालतो, आणि ट्रान्सफॉर्मरला थोडं ताणून जो रंग आणायचा असतो, तो आणेपर्यंत इंटरफेस केव्हाच लाल झालेला असतो. म्हणून आउटपुटवर पातळी उतरवायची सोय हवीच.

सर्वांत सोपी आणि मला सर्वांत आवडणारी सोय तीन रेझिस्टरची. पिन २ च्या वाटेत २०० ओहम, पिन ३ च्या वाटेत २०० ओहम, आणि त्यांच्या पलीकडे दोन्ही तारांमध्ये १८० ओहम. ट्रान्सफॉर्मरला समोर ५८० ओहम दिसतात, म्हणजे भाराचं काम झालं. आणि बाहेर १८०/५८० इतका भाग जातो, म्हणजे जवळपास १० डीबी उतार. २० डीबी हवा असेल तर २७०, २७० आणि मधे ६२. अर्ध्या वॅटचे एक टक्क्याचे रेझिस्टर पुरतात. तीन स्थानांच्या स्विचवर सरळ, उणे दहा आणि उणे वीस असं बसवा. सरळ स्थानावर ६२० चा भार ठेवा. हळूहळू फिरणारा नॉबच हवा असेल तर ६०० ओहमचा संतुलित (दोन्ही तारांवर सारखाच उतार देणारा) अॅटेन्युएटर घ्या. दोन्ही तारांवर साधे दुहेरी पॉट लावू नका. त्यांचे दोन भाग एकसारखे फिरत नाहीत आणि संतुलन बिघडतं.

असंतुलित इनपुटला (एक सिग्नलची तार आणि जाळी एवढंच असलेल्या) जोडायचं असेल तर पिन ३ आणि पिन १ एकत्र करायच्या, पण रॅकमध्ये नाही, समोरच्या टोकाला, केबलमध्ये. म्हणजे रॅक तसाच राहतो.

काही मॉड्यूलमध्ये प्रीअँप आणि इक्वलायझर यांच्या मधली वाट कनेक्टरवर बाहेर आणलेली असते, इन्सर्टसाठी, म्हणजे मधे दुसरं यंत्र जोडता यावं म्हणून. कन्सोलच्या वायरिंगमध्ये तिथे एक जोड असायचा. रॅकमध्ये तो जोड दिला नाही तर वीज बरोबर, झीरो बरोबर आणि आउटपुटवर मात्र शांतता. सर्किट-चित्रात अशी तुटलेली वाट दिसते का ते पाहा, आणि दिसली तर त्या दोन पिना आखूड तारेने जोडा.

ऐकून तपासणी

इनपुटला काही न लावता, गेन मधल्या स्थानावर, आउटपुट ६२० ओहमवर. हेडफोन लावा आणि ऐका. गुणगुण असेल तर ती कोणत्या सुराची आहे ते आधी ठरवा. ५० हर्ट्झची, जाड आणि खोल असेल तर चुंबकीय क्षेत्र किंवा अर्थची फेरी (झीरो आणि चॅसी दोन ठिकाणी जोडल्याने बनणारं वर्तुळ). पुरवठ्याचा डबा हातभर लांब सरकवा; कमी झाली तर क्षेत्र, नाही झाली तर झीरो-चॅसीचा दुसरा जोड शोधा. १०० हर्ट्झची, जरा वरच्या सुरातली आणि करकरीत असेल तर पुरवठ्याची लहर. मीटर एसीवर लावून २४ च्या तारेवर किती मिलिव्होल्ट आहेत ते बघा. नुसता समान फुसकारा असेल तर तो सर्किटचाच आहे. तो दोन्ही मॉड्यूलमध्ये सारखा आहे का एवढंच पाहा.

नंतर १ किलोहर्ट्झचा सूर, मग १०० हर्ट्झ, मग १० किलोहर्ट्झ. इक्वलायझर बंद ठेवून तिन्हींची पातळी साधारण सारखी यायला हवी. एका मॉड्यूलमध्ये १०० हर्ट्झ खाली पडत असेल तर सिग्नलच्या वाटेतला कपॅसिटर सुकला आहे. वायरिंगची चूक नव्हे.

झाकण बंद करण्याआधी एक कागद घ्या. पिनांचा तक्ता, आणि तो कुठल्या बाजूने पाहिला आहे हे ठळक लिहा. प्रत्येक मॉड्यूलने घेतलेला प्रवाह, पुरवठ्याचं व्होल्टेज, झीरो आणि चॅसी कुठे जोडले आहेत, कुठला जोड काढला आहे, आणि तारीख. हा कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. दहा वर्षांनी हे झाकण दुसराच कुणी उघडेल, आणि त्याच्याकडे तुमची वही नसेल.